मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट खरंच किती मोठा? नुसत्या ओळी मोजून ते का कळत नाही

रिठद, रिसोड, वाशिम या पट्ट्यातली मुलं-मुली बीसीए किंवा इंजिनिअरिंगसाठी अमरावती, शेगाव, पुसदकडे जातात. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करावा लागतो, आणि आता बऱ्याच प्रोजेक्टच्या नावात ‘एआय’ नाहीतर ‘मशीन लर्निंग’ असतेच. शहरांत तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानेही आहेत. तिथून घरी निरोप येतो, “दहा हजार ओळींचा कोड आहे, इतके पैसे लागतील.” अब्बांना कोड कळत नाही, पण दहा हजार हा आकडा कळतो. सोयाबीनच्या पैशातून रक्कम जाते. दुसरीकडे एखाद्या मुलीने स्वतः रात्री जागून ऐंशी ओळींत काम उभे केलेले असते आणि तिला धास्ती वाटते, आपलं काम सरांना किरकोळ तर वाटणार नाही ना?

दोन्ही ठिकाणी मोजपट्टी एकच आहे, ओळींची. मशीन लर्निंगला ती लागू पडत नाही. सॉफ्टवेअर किती मोठे आणि किती गुंतागुंतीचे हे ठरवायच्या जुन्या पद्धती कोणत्या, त्या इथे कुठे तोकड्या पडतात आणि त्यांच्याऐवजी काय पाहायचे, हे आम्ही शाळेतल्या गणिताच्या आधारे मांडतो आहोत.

ओळी मोजायच्या तर आधी नीट मोजा

प्रोग्राम म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या सूचना. त्या ओळींत लिहितात, म्हणून आकार सांगताना ‘इतक्या ओळी’ असे म्हणायची जुनी रीत आहे. पण ओळ आणि ओळ सारखी नसते. काही ओळी रिकाम्या असतात, काही फक्त टिपा असतात, काही खरा कोड. ‘क्लॉक’ नावाचे मोफत साधन (सीएलओसी, घड्याळ नव्हे बरं का) हे तिन्ही आकडे वेगवेगळे दाखवते. कुणी ओळींचा आकडा सांगितला तर तो यातला कोणता, हे विचारायचे.

मशीन लर्निंगमध्ये आणखी एक गंमत आहे. विद्यार्थी बहुतेक काम ज्युपिटर नोटबुकमध्ये करतात. त्या फाईलमध्ये कोडसोबत निकाल, तक्ते आणि आलेखांची चित्रेही अक्षरांच्या रूपात साठतात. सरळ ओळी मोजल्या तर साठ ओळींचा कोड काही हजारांचा दिसू शकतो. ‘दहा हजार ओळी’ या दाव्यात असा फुगवटा किती आहे, ते पाच मिनिटांत तपासता येते.

उलटा प्रकारही होतो. जॉर्ज हॉट्झ यांच्या ‘टायनीग्रॅड’ या प्रकल्पाने सुरुवातीला नियमच केला होता की सगळा कोड १,००० ओळींच्या आत ठेवायचा. काम वाढले तशी ही मर्यादा पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. असा नियम असला की माणूस एका ओळीत चार गोष्टी कोंबतो. ओळी कमी होतात, वाचणाऱ्याचे डोके मात्र जास्त दुखते.

मराठी अनुवादाचा किस्सा

ओळींचा हिशेब कसा कोसळतो याचे सगळ्यात ठळक उदाहरण आपल्या रोजच्या वापरातले आहे. गूगल ट्रान्सलेट आधी वाक्प्रयोगांचे तुकडे जुळवून भाषांतर करायचे. इंग्रजीतला एक तुकडा घ्यायचा, त्याला जुळणारा मराठी तुकडा शोधायचा, मग क्रम लावायचा. प्रत्येक पायरीला वेगळा कोड. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये गूगलने न्यूरल नेटवर्कवर चालणारी नवी पद्धत जाहीर केली. २०१७ च्या मार्चमध्ये हिंदीला आणि एप्रिलमध्ये मराठीसह आणखी काही भारतीय भाषांना ती लागू झाली. त्या वर्षानंतर मराठी भाषांतर एकदम सुधारलेले अनेकांना आठवत असेल. आधी शब्द मराठी आणि वाक्य इंग्रजी असा मामला होता.

जुन्या व्यवस्थेत सुमारे ५ लाख ओळी होत्या आणि नव्या मॉडेलचा कोड सुमारे ५०० ओळींत बसला, असे गूगलचे जेफ डीन यांनी सांगितले होते. काम तेच, निकाल जास्त चांगला आणि ओळी हजारपट कमी.

आता हेच आकडे एका प्रसिद्ध सूत्रात घालून पाहू. बॅरी बोएम यांनी १९८१ साली ‘कोकोमो’ नावाची पद्धत मांडली. ओळींवरून मेहनतीचा अंदाज बांधायची ती पद्धत. साध्या प्रकल्पासाठी त्यांचे सूत्र असे: ओळी हजारांत मोजा, त्या संख्येचा १.०५ वा घात घ्या आणि २.४ ने गुणा. जे उत्तर येईल तितके महिने एका माणसाचे काम. ५ लाख ओळी म्हणजे ५०० हजार. उत्तर येते सुमारे १,६३७ महिने, म्हणजे एकट्या माणसाची १३६ वर्षे. ५०० ओळी म्हणजे अर्धा हजार, आणि उत्तर येते सव्वा महिन्याच्याही आत.

सव्वा महिन्यात एका माणसाने गूगल ट्रान्सलेट केले, असे कुणी म्हणेल का? सूत्र खोटे नाही. ते ज्या काळात आणि ज्या प्रकारच्या सॉफ्टवेअरसाठी बनले, त्यात सगळी मेहनत ओळींत उतरायची. इथे ती दुसरीकडे गेली आहे.

मेहनत गेली कुठे? आकड्यांत

नववी-दहावीतले रेषेचे समीकरण आठवा: य = म × क्ष + क. समजा क्ष म्हणजे पाऊस आणि य म्हणजे सोयाबीनचा उतारा. मागच्या काही वर्षांच्या नोंदी देऊन संगणकाला म आणि क शोधायला लावले, की झाले मशीन लर्निंग. शोधून काढलेल्या या आकड्यांना पॅरामीटर किंवा वजने म्हणतात. आपल्या मॉडेलमध्ये ते दोन आहेत. मोठ्या मॉडेलमध्ये कोट्यवधी असतात. मॉडेल जे काही ‘शिकते’, ते या आकड्यांत असते. कोड फक्त गुणाकार-बेरीज कशी करायची ते सांगतो.

मराठीतलेच उदाहरण घेऊ. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या गटाने २०२२ साली ‘महाबर्ट’ हे मराठी मॉडेल सर्वांसाठी मोफत खुले केले. त्याच्यासोबत ‘महाकॉर्पस’ हा २.४८ कोटी मराठी वाक्यांचा संग्रहही दिला. महाबर्टची दुसरी आवृत्ती गूगलच्या भारतातील संशोधन गटाच्या ‘म्युरिल’ या मॉडेलवर उभी आहे. म्युरिल १७ भाषांवर शिकलेले आहे, त्यात मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत. घरी उर्दू आणि शाळेत मराठी अशा आपल्या मुलांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

महाबर्ट वापरायला पायथॉनमध्ये चार-पाच ओळी पुरतात. मग त्याचा आकार किती? पाढ्यांइतकाच सोपा हिशेब आहे. म्युरिलकडे शब्दांच्या तुकड्यांची यादी आहे, तिच्यात १,९७,२८५ तुकडे. प्रत्येक तुकड्यासाठी ७६८ आकडे. गुणाकार केला की सुमारे १५.१५ कोटी होतात. त्यावर १२ थर, प्रत्येक थरात सुमारे ७१ लाख आकडे, म्हणजे साडेआठ कोटी. किरकोळ धरून एकूण सुमारे २३.७ कोटी. ज्याला आपण मॉडेलचा ‘मेंदू’ समजतो ते बारा थर एकूण आकाराच्या निम्मेही नाहीत. जास्त जागा शब्दांची यादी खाते, कारण ती १७ भाषांची आहे. फक्त मराठीचे काम असले तरी बाकीच्या सोळा भाषांचे ओझे सोबत येते.

आता मेमरी. एक आकडा साठवायला साधारण ४ बाइट लागतात. २३.७ कोटी गुणिले ४, म्हणजे सुमारे ९५ कोटी बाइट, जवळपास एक जीबी. ही झाली फक्त वापरायची गोष्ट. मॉडेलला पुढे शिकवायचे असेल तर प्रत्येक आकड्यासोबत त्याची दिशा सांगणारा एक आणि नेहमीच्या ‘अ‍ॅडम’ पद्धतीचे दोन, असे आणखी तीन आकडे सांभाळावे लागतात. म्हणजे प्रत्येकी १६ बाइट आणि एकूण ३८० कोटी. मधल्या हिशेबाची जागा वेगळीच. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हे बसणार नाही. उलट तयार मॉडेलचे आकडे ४ ऐवजी १ बाइटमध्ये दाबून बसवले तर ते सुमारे २४ कोटी बाइटवर येते आणि जुन्या मशीनवरही चालवता येते. अचूकता थोडी घटू शकते, तेवढे पाहून घ्यावे.

महागडा लॅपटॉप घ्यायचा की नाही, हे घरात ठरवताना हा एक गुणाकार फार कामाचा आहे. पॅरामीटर किती, गुणिले बाइट किती. ओळींच्या संख्येवरून हे कधीच कळत नाही.

‘जर-तर’ मोजायची पद्धत

गुंतागुंत मोजायची दुसरी जुनी रीत थॉमस मॅकेब यांची, १९७६ सालची. प्रोग्राममध्ये ‘जर असे असेल तर’ असे फाटे किती आहेत ते मोजायचे आणि एक मिळवायचा. गुणपत्रिकेचा प्रोग्राम घ्या. ३५ पेक्षा कमी असतील तर नापास, नाहीतर ६० पेक्षा कमी असतील तर पास, नाहीतर ७५ पेक्षा कमी असतील तर प्रथम श्रेणी, नाहीतर विशेष योग्यता. तीन फाटे, म्हणून गुंतागुंत ४. एका भागात हा आकडा १० च्या वर जाऊ देऊ नये, असे मॅकेब यांचे म्हणणे होते. शाळेचा निकाल, बँकेचे व्याज, रेशनची नोंद अशा कामांना ही पद्धत आजही चोख आहे. २०, ४०, ६५, ८० असे चारच गुण घालून पाहिले की सगळ्या वाटा तपासून होतात.

न्यूरल नेटवर्कवर हीच पट्टी लावली तर आकडा येतो १ किंवा २. आत फाटेच नाहीत, गुणाकार आणि बेरीज एकामागून एक. एकच वाक्य घालून पाहिले तरी कोडच्या सगळ्या वाटा तपासून झाल्या, असा अहवाल येईल. आणि तरी मॉडेलबद्दल आपल्याला काहीच कळलेले नसते. फाटे आकड्यांत दडलेले आहेत, ते वाचून दिसत नाहीत.

म्हणून इथे तपासायची पद्धत बदलते. न दाखवलेली उदाहरणे बाजूला ठेवून त्यांच्यावर परीक्षा घ्यावी लागते, जशी आपण वर्गात सोडवून दिलेली गणिते पेपरात देत नाही तशी. एलथ्रीक्यूबनेच २०२१ मध्ये ‘महासेंट’ हा सुमारे १६,००० मराठी ट्विटचा संच दिला. प्रत्येक ट्विटवर सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ अशी खूण आहे. असा संच हाताशी असेल तर दोन मॉडेलची तुलना करता येते. “वा, काय रस्ता केलाय!” हे पावसाळ्यात कुणी लिहिले तर ते कौतुक नाही, हे वाशिम-रिसोडकडच्या माणसाला लगेच कळते. मॉडेल फसू शकते. कुठल्या प्रकारच्या वाक्यांवर ते फसते, याची यादी करणे हे प्रोजेक्टमधले मोलाचे काम आहे. कोडच्या ओळींत ते दिसणार नाही.

दुसऱ्याच्या जिवावर उभ्या ओळी

चार ओळींत महाबर्ट चालते, कारण त्या चार ओळींखाली पायटॉर्चसारख्या लायब्ररीच्या लाखो ओळी उभ्या असतात. ग्राफिक्स कार्डासाठीची पायटॉर्च उतरवायला गेलात तर दोन जीबीच्या वर डेटा जातो, गावातल्या नेटवर तर रात्रभराचे काम. फक्त प्रोसेसरवर चालणारी आवृत्ती त्यामानाने खूप लहान आहे. कार्ड नसेल तर तीच घ्यावी. अनेकांना हे कुणी सांगत नाही.

अशा आधारांना डिपेंडन्सी म्हणतात. त्यांची जोखीम २०१६ च्या मार्चमध्ये जगाने पाहिली. ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा जावास्क्रिप्टचा जेमतेम ११ ओळींचा तुकडा त्याच्या लेखकाने काढून घेतला आणि त्यावर टेकलेले असंख्य प्रकल्प अचानक बंद पडले. म्हणून प्रोजेक्टसोबत ‘रिक्वायरमेंट्स’ची फाईल आहे का आणि तिच्यात प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती लिहिली आहे का, हे पाहायलाच हवे. नाहीतर सहा महिन्यांनी तोच कोड दुसऱ्या मशीनवर सुरूच होत नाही, आणि तोंडी परीक्षा नेमकी त्याच दिवशी असते.

गूगलमधल्याच काही इंजिनिअरांनी २०१५ साली एक निबंध लिहिला, डी. स्कली हे त्याचे पहिले लेखक. त्यातले एक चित्र फार प्रसिद्ध झाले. मधोमध एक छोटासा काळा चौकोन, तो मशीन लर्निंगचा कोड. भोवती मोठमोठे चौकोन: माहिती गोळा करणे, ती तपासणे, मशीनची व्यवस्था, लोकांपर्यंत पोहोचवणे, नंतर लक्ष ठेवणे. वलीम्याच्या बिर्याणीची कृती चार ओळींत सांगता येते, पण डेग, लाकूड, तांदूळ निवडणारे हात आणि पहाटेपासूनची धावपळ त्या चार ओळींत कुठे असते?

वेळेचा हिशेब वेगळा

छोटा कोड म्हणजे झटपट काम, असेही नाही. ‘जवळचे शेजारी’ नावाची पद्धत दहा-बारा ओळींत लिहिता येते. नवे वाक्य आले की ते जुन्या प्रत्येक वाक्याशी ताडून पाहायचे आणि जवळच्यांचे मत घ्यायचे. महासेंटची १६,००० ट्विट असतील आणि प्रत्येकाचे १०० गुणधर्म धरले, तर एका नव्या वाक्यासाठी १६ लाख वजाबाक्या. संग्रह दुप्पट झाला की काम दुप्पट. महाबर्टसारख्या मॉडेलमध्ये वाक्यातला प्रत्येक तुकडा प्रत्येक तुकड्याशी ताडला जातो. त्यामुळे १०० तुकड्यांना १०,००० जोड्या आणि २०० तुकड्यांना ४०,०००. लांबी दुप्पट, काम चौपट. वाक्ये फार लांब देऊ नका असे जे सांगतात, त्याचे कारण हे.

सगळ्यात बोलके उदाहरण आंद्रेई कार्पाथी यांच्या ‘नॅनोजीपीटी’चे. मॉडेलची फाईल सुमारे ३०० ओळींची, शिकवायची फाईल सुमारे ३०० ओळींची. एवढ्यात १२.४ कोटी पॅरामीटरचे जीपीटी-२ पुन्हा घडवता येते. पण त्यासाठी प्रत्येकी ४० जीबीची आठ महागडी ए-१०० कार्डे सुमारे चार दिवस चालवावी लागतात. सहाशे ओळी वहीत उतरवून घेता येतील, ती कार्डे कुठून आणायची?

मग विचारायचे काय?

तयार प्रोजेक्ट विकत घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. पण ज्यांच्या घरी तो विषय निघालाच आहे, किंवा मुलाने स्वतः केलेले काम समजून घ्यायचे आहे, त्यांनी ओळींचा आकडा बाजूला ठेवून दुसरे प्रश्न विचारावेत. यातला तुझा स्वतःचा कोड कोणता आणि लायब्ररीचा कोणता? माहिती कुठून आणली, किती आहे, तिच्यावर खुणा कुणी केल्या? परीक्षेची उदाहरणे आधीच वेगळी काढली होती का? मॉडेलचे पॅरामीटर किती आणि ते कुठल्या मशीनवर बसते? साध्या पद्धतीने केले असते तर निकाल किती कमी आला असता? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कारण दोन-चार हजार पॅरामीटरच्या साध्या मॉडेलने जवळपास तेवढाच निकाल दिला, तर २३ कोटींचे मॉडेल कशाला लादायचे? कॉलेजचे परीक्षकही याच अंगाने विचारतात, आणि विकत आणलेल्या कामाचा मालक इथेच अडखळतो.

ज्या मुलांना आतून समजून घ्यायचे आहे, त्यांनी कार्पाथी यांचेच ‘मायक्रोग्रॅड’ वाचावे. न्यूरल नेटवर्क शिकते कसे, त्याचे इंजिन त्यात सुमारे १०० ओळींत आहे आणि नेटवर्क आणखी ५० ओळींत. लायब्ररी जवळपास नाहीच, ग्राफिक्स कार्ड नको, जुना लॅपटॉप पुरे. गणित लागते ते बारावीच्या विकलनाचे, त्यातही मुख्यतः साखळी नियम. छापले तर तीन-चार पाने होतात. आमच्या मते कागदावर छापून, हातात पेन्सिल घेऊन, दर ओळीला ‘ही ओळ काढली तर काय होईल’ असे विचारत वाचले तर दोन रविवार पुरतात.